नदीपलीकडच्या ओळखी

शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीच्या गुणवत्ता तपासणी विभागात नऊ वर्षे नोकरी केल्यावर २०१८ च्या मार्चमध्ये मी राजीनामा दिला आणि त्याच वर्षीच्या खंडेनवमीला शिवाजी उद्यमनगरातल्या भाड्याच्या शेडमध्ये माझ्या पहिल्या सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या, टर्निंग मशीनला हार घातला. तेव्हापासून आजपर्यंत जे कोणी माझ्याकडे चौकशीला आले, त्यांचे प्रश्न बहुतेक भांडवलाचेच असतात: कर्ज कुठून झाले, अनुदान किती मिळाले, मशीन कोणते घेतले. या प्रश्नांची उत्तरे कागदावर सापडतात. त्या काळात ओळखीपाळखीचे काय झाले आणि मनाचे काय झाले, हे सहसा कोणी विचारत नाही. माझा धंदा मात्र अडला तो या दोन ठिकाणी आणि सुटला तोही तिथेच. म्हणून ते सविस्तर लिहून ठेवते.

कोल्हापुरात यंत्रकामात उतरणाऱ्याला एक मोठा आधार आयता मिळतो. उद्यमनगरात एका शेडमध्ये टर्निंग, शेजारी ग्राइंडिंग, दोन दारे सोडून गिअर कटिंग, समोर पॅटर्न बनवणारा, कोपऱ्यावर इन्सर्ट (मशीनची कापणारी पाती) आणि ड्रिल विकणारा अशी वस्तीच वसलेली आहे. ऑइल इंजिनाच्या काळापासून इथली माणसे दुरुस्ती करता करता बनवायला शिकली. जुन्या पिढीतले कारागीर म्हादबा मिस्त्री यांचे नाव आजही इथे ज्या आदराने घेतले जाते, त्यामागे हीच परंपरा आहे. ही विद्या पुस्तकातून कमी आणि बोलण्यातून जास्त पसरते. कोणत्या कंपनीत नवा पंप डेव्हलप होतो आहे, कोणाच्या रिजेक्शनला कंटाळून कोण नवा जॉबवर्कवाला शोधतो आहे, कोण पैसे वेळेवर देतो आणि कोण झुलवतो, हे सगळे संध्याकाळच्या चहाच्या टपरीवर, तालमीच्या कट्ट्यावर आणि फुटबॉलचा सामना असेल तर शाहू स्टेडियमच्या गॅलरीत कळते. या तिन्ही जागी मी नव्हते. कोणी मला मज्जाव केला होता असे नाही. पण सात वाजता टपरीवर उभे राहून चहा पिणारी बाई तिथे दुसरी नव्हती आणि त्या वेळी मला घरी मुलीचा अभ्यास घ्यायचा असे. माझ्या जागा वेगळ्या होत्या. जुन्या कंपनीतले सहकारी, माहेर-सासरची माणसे आणि आमच्या गल्लीतल्या बारा बायकांची भिशी, एवढेच माझे जग होते. त्यातले पहिले दोन धंद्याच्या कामाचे आणि तिसरे घरखर्चाच्या सोयीचे, असे मी मनात ठरवून टाकले होते. ते ठरवणे किती चुकीचे होते हे कळायला दीड वर्ष लागले.

राजीनाम्याच्या आधी माझे पती आणि मी एका रात्री वही घेऊन बसलो. ते एका पतसंस्थेत लेखनिक आहेत, त्यामुळे आकडे मांडण्याची सवय त्यांना जास्त. नफा किती होईल याचा हिशेब आम्ही दोनदा मांडला आणि दोन्ही वेळा तो निव्वळ कल्पनेचा वाटला. तेव्हा त्यांनी उलटा प्रश्न केला: ‘‘किती बुडालं तर आपण उभं राहू शकू?’’ त्याचे उत्तर मात्र नेमके देता आले. माझ्या बचतीतले तीन लाख चाळीस हजार रुपये आणि दीड वर्ष. एवढे गेले तर घर चालेल, मुलीची शाळा चालेल आणि मला परत कुठेतरी तपासणीची नोकरी मिळेल. त्या रात्री माझ्या मनावरचे निम्मे ओझे उतरले. पुढे वाचनात आले की सरस सरस्वती या भारतीय वंशाच्या प्राध्यापिकेने २७ अनुभवी उद्योजकांच्या विचारपद्धतीचा अभ्यास करून २००१ मध्ये जे मांडले, त्यात हीच गोष्ट आहे. मुरलेला उद्योजक किती मिळेल यापेक्षा किती गमावणे परवडेल यावरून पाऊल टाकतो आणि हाताशी जे आहे, जे येते आणि जी माणसे ओळखीची आहेत तिथून सुरुवात करतो. आमच्या वहीतला हिशेब तोच होता, फक्त आम्हाला त्याचे नाव ठाऊक नव्हते.

कर्ज पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून करायचे ठरले. त्या वेळी उत्पादन उद्योगासाठी प्रकल्पाची मर्यादा २५ लाखांची होती. माझा प्रकल्प १८ लाखांचा. महिला अर्जदार म्हणून स्वतःचा वाटा ५ टक्के आणि शहरी भागासाठी अनुदान २५ टक्के, तेही तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून अडकून राहणारे. जिल्हा उद्योग केंद्रातली फाइल वेळेत पुढे सरकली. बँकेच्या शाखेत मात्र, पतहमीची सरकारी सोय असतानाही, अधिकाऱ्यांनी घरातल्या एखाद्या जबाबदार पुरुषाची सही मागितली. माझ्या मामांनी ती केली. सही करून झाल्यावर बँकेच्या पायऱ्या उतरताना ते म्हणाले, ‘‘पोरी, काळजी करू नकोस. पण हे कुणापाशी बोलू नकोस, मामीपाशी तर अजिबात नको.’’ मामांची माया मी कधी विसरणार नाही. तरीही आज मागे वळून पाहताना वाटते की त्या दिवशी सहीबरोबर मी त्यांच्याकडून ती सूचनाही घेऊन आले. कर्ज काढले आहे हे बोलायचे नाही, अडचण आली तर ती बोलायची नाही, विचारले तर चांगले चालले आहे असे सांगायचे.

कर्जाआधी दहा दिवसांचे उद्योजकता प्रशिक्षण होते. त्यातला एक खेळ माझ्या लक्षात कायमचा राहिला. जमिनीवर एक खुंटी उभी केली होती आणि प्रत्येकाने हव्या त्या अंतरावरून तीन रिंगा टाकायच्या होत्या. मी खुंटीच्या अगदी जवळ, हात लांब केला की पोचेल अशा ठिकाणी उभी राहिले आणि तिन्ही रिंगा आत टाकल्या. इचलकरंजीहून आलेला एक मुलगा खोलीच्या टोकाला जाऊन उभा राहिला आणि त्याच्या तिन्ही बाहेर गेल्या. प्रशिक्षकांनी मला विचारले, ‘‘ताई, एवढ्या जवळ का थांबला?’’ मी खरे ते बोलले: चुकले असते तर सगळ्यांसमोर चुकले असते. मग त्यांनी डेव्हिड मॅक्लेलंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाबद्दल सांगितले. ज्याला काही साध्य करण्याची खरी ओढ असते तो मधले अंतर निवडतो, जिथून रिंग पडणे अवघड असते पण प्रयत्नाने जमते, असे त्याचे निरीक्षण होते. आणि ही वृत्ती शिकवता येते का हे पाहण्यासाठी त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये आंध्रातल्या काकीनाडा शहरातल्या छोट्या व्यावसायिकांना प्रशिक्षण दिले होते. पुढच्या दोन वर्षांत प्रशिक्षण घेतलेल्यांनी इतरांपेक्षा जास्त हालचाल केली, नवे उद्योग काढले, भांडवल घातले, माणसे कामावर ठेवली. मला ही गोष्ट फार आवडली, आणि तरीही त्या दहा दिवसांबद्दल माझी एक तक्रार आहे. मन कसे घडवायचे हे तिथे शिकवले गेले. पण नव्या मनाने उद्या सकाळी नेमके कोणाच्या दारात जायचे, हे कोणी सांगितले नाही. माझ्या मते या दोन गोष्टी वेगळ्या शिकवताच येत नाहीत.

पहिले काम कोणत्या दारातून आले, हे सांगायला नको. माझे जुने साहेब, ज्यांच्या हाताखाली मी नऊ वर्षे काढली, ते तोवर शिरोलीतल्याच एका पंप बनवणाऱ्या कारखान्यात गेले होते. त्यांनी बेअरिंग हाउसिंगचे, म्हणजे पंपात बेअरिंग जिथे बसते त्या भागाचे, टर्निंग आणि बोअरिंग दिले. दर महिन्याला हजार-बाराशे नग. मशीनचा हप्ता, शेडचे भाडे, एका ऑपरेटरचा आणि एका हेल्परचा पगार त्यातून निघत होता. मी निश्चिंत झाले. नवीन ग्राहक शोधायला बाहेर पडण्याची गरजच वाटली नाही, आणि खरे सांगायचे तर गरज वाटत नाही याचे मला समाधान होते, कारण अनोळखी कंपनीच्या गेटवर रजिस्टरमध्ये नाव लिहून परचेस विभागाची वाट बघत बसण्याची मला धास्ती होती.

२०१९ च्या मे महिन्यात १८० हाउसिंगचा एक लॉट परत आला. बोअर, म्हणजे आतले गोल छिद्र, ५२ मिलीमीटरचा, ६२०५ क्रमांकाचे बेअरिंग बसते तो. सहनशीलता, म्हणजे मापात चालणारा फरक, शून्य ते अधिक ३० मायक्रॉन; मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. आमच्या शेडमध्ये प्रत्येक नग बोअर गेजने मोजलेला, रजिस्टरमध्ये ५२.०१०, ५२.०१२ अशा नोंदी. आणि त्यांच्या तपासणी खोलीत मात्र ‘गो’ गेज, जो योग्य मापाच्या बोअरमध्ये जायलाच हवा, तो आत जात नव्हता. मी गेज पुन्हा शून्यावर लावला, इन्सर्ट बदलला, ऑपरेटरला बोलले, मशीनच्या कंपनीला फोन केला. चार दिवस गेले. त्या चार दिवसांत मी घरी, दारी, कोणाजवळही शब्द काढला नाही. जिने नऊ वर्षे दुसऱ्यांचे जॉब नापास केले, तिचाच लॉट मापात नापास झाला, ही गोष्ट माझ्या तोंडून बाहेर पडत नव्हती. जुन्या सहकाऱ्यांना विचारता आले असते. पण तेही माझ्यासारखेच तपासणीतले, आणि त्यांना कळणे म्हणजे सगळ्या कंपनीला कळणे. मामांच्या सूचनेचा अर्थ मला त्या दिवसांत पुरता कळला.

पाचव्या दिवशी दुपारी शेजारच्या शेडमधले एक वयस्क टर्नर, ज्यांच्याशी सकाळच्या नमस्काराखेरीज माझे कधी बोलणे झाले नव्हते, दारात येऊन उभे राहिले. त्यांना आमच्याकडून पान्हा हवा होता. टेबलावर मांडलेले नग बघून त्यांनी विचारले आणि माझा धीर संपलेला असल्यामुळे मी सगळे सांगून टाकले. ते काही बोलले नाहीत. मशीनमधून नुकताच निघालेला एक नग त्यांनी उचलला, तळहातावर धरला, आणि लगेच दुसऱ्या हातात घेतला.

‘‘ताई, जाब गरम हाय. च्या पिऊन या आणि मग मोजा.’’

आम्ही तो नग कडाप्प्याच्या थंड कट्ट्यावर ठेवला आणि मी खरोखरच अर्धा तास थांबले. आधी ५२.०११ दाखवणारा बोअर आता मापाच्या तळाशी येऊन टेकला होता. हिशेब सोपा आहे. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, दर अंशाला मीटरमागे साधारण ११ मायक्रॉन फुगते. आम्ही कोरडे बोअरिंग करत होतो, मे महिन्याच्या उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये जॉब ५५ अंशांच्या आसपास असताना मोजत होतो, आणि त्यांची तपासणी खोली वातानुकूलित, २० अंशांची. ३५ अंशांच्या फरकात ५२ मिलीमीटरचा बोअर २० मायक्रॉन आवळतो. मापनाचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे हे मी नऊ वर्षे प्रत्येक अहवालाच्या खाली स्वतःच्या हाताने लिहिले होते. पण माझ्या टेबलावर येणारा नग नेहमी थंड होऊनच आलेला असे. मशीनमधून निघालेला नग हातात धरण्याची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. माझ्या ओळखीत सगळे त्याच टेबलापलीकडे बसणारे, मला जे ठाऊक होते तेच त्यांना ठाऊक असणारे. त्या मिस्त्रींना सूत्र ठाऊक नव्हते, पण त्यांच्या तळहाताला ते माहीत होते. बोअर मापापेक्षा लहान असल्यामुळे नग वाचवता येण्यासारखे होते. माझा दीर आणि दोन जुने सहकारी चार रात्री माझ्याबरोबर जागले, प्रत्येक नग पुन्हा चकमध्ये (मशीनच्या पकडीत) डायलने रन-आउट, म्हणजे डगमग, काढून धरला, आणि १८० पैकी १४३ नग आम्ही वाचवले. मी त्यांना तोंड उघडून सांगितल्यावर एकानेही मला कमी लेखले नाही. उलट त्यातल्या एकाने विचारले की हे सोमवारीच का नाही सांगितलेस.

जवळच्या माणसांचे मोल मला त्या चार रात्रींनी दाखवले आणि त्यांची मर्यादाही त्याच वर्षी दिसली. साहेबांच्या कंपनीकडून पैसे उशिरा येऊ लागले. आधी ६० दिवस, मग ९०, मग ११०. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते, हे मला पाठ होते. पण पत्र लिहायचे कोणाला? ज्यांनी मला काम शिकवले आणि पहिली ऑर्डर दिली, त्यांनाच कायद्याचे कलम दाखवायचे? अनोळखी ग्राहक असता तर मी दुसऱ्या दिवशी मागणी केली असती. इथे उपकाराची जाणीव आणि एकुलत्या ग्राहकाची भीती अशी एकमेकांत मिसळली की कुठली कुठे संपते हे मलाही सांगता येईना. मी पतीच्या पगारातून हप्ता भरला आणि फोनवर विचारणाऱ्या प्रत्येकाला चांगले चालले आहे असे सांगत राहिले.

मग ऑगस्ट आला. २०१९ चा तो महापूर कोल्हापूरकरांना वेगळा सांगायला नको. पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू महामार्गावर चढले आणि कित्येक दिवस वाहतूक बंद राहिली. माझी शेड कोरडी होती, मशीन सुरक्षित होते, ऑपरेटर शहरातलाच असल्यामुळे कामावर येऊ शकत होता. फक्त काम नदीच्या पलीकडे होते. कास्टिंग शिरोलीतून येणार, तयार माल शिरोलीला जाणार, पैसे शिरोलीतून निघणार. माझ्या धंद्याचे सगळे धागे एकाच पुलावरून जात होते, हे मला तोवर नकाशावर कधी दिसलेच नव्हते.

शहराचा पाणीपुरवठाही त्या पुरात बंद पडला होता, कारण उपसा केंद्रेच पाण्यात गेली होती. गल्लीत टँकर येई आणि आम्ही सगळ्या घागरी, बादल्या, कॅन घेऊन रांगेत उभ्या राहत असू. तिसऱ्या दिवशी माझ्या पुढे भिशीतल्या एक वहिनी होत्या. त्यांची आणि माझी ओळख महिन्यातून एकदा, दोन हजार रुपये देण्याघेण्यापुरती. त्यांनी सहज विचारले, ‘‘काय ओ, शेड बंद हाय व्हय?’’ नेहमीचे उत्तर माझ्या ओठांवर आले होते. पण तीन दिवस रिकाम्या शेडमध्ये बसून आणि पुढच्या हप्त्याची तारीख मोजून मी इतकी थकले होते की ते उत्तर देववले नाही. मी म्हटले, ‘‘शेड चालू आहे, वहिनी, पण काम नाही. सगळं काम शिरोलीचं, आणि हप्ता तर थांबणार नाही.’’ दीड वर्षात हे वाक्य मी पहिल्यांदा घराबाहेर उच्चारले, तेही रांगेत, दहा-बारा बायकांच्या देखत.

वहिनी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘आमचे हे गोकुळ शिरगावला स्टोअरला हाईत. त्यांचीबी रडारड चालू हाय, टर्निंगवाला शिरोलीत अडकलाय म्हणून. बोलू का त्यांच्यापाशी?’’

गोकुळ शिरगावची वसाहत शहराच्या दक्षिणेला, नदीच्या अलीकडे. तिथल्या एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्याला जॉबवर्कवाला हवा होता आणि तो त्यांच्या रस्त्यावर, पाण्याच्या अलीकडे हवा होता. माझ्याकडे मशीन होते आणि काम नव्हते. या दोन गरजांच्या मध्ये केवळ एक माणूस उभा होता, त्या वहिनींचा नवरा, आणि त्याच्यापर्यंत पोचण्याचा रस्ता मी दीड वर्षे दरमहा दोन हजार रुपये भरून जवळ बाळगला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी छोटा हत्ती टेम्पोतून चाळीस नग चाचणीसाठी आले. ते मी थंड करून मोजले. चाळीसही पास झाले.

त्या कारखान्याचे काम आजही चालू आहे. पण ऑर्डरपेक्षा मला त्या रांगेचा विचार जास्त दिवस पुरला. त्या वहिनींची ओळख आधीही होती, त्यांच्या यजमानांची नोकरी आधीही तीच होती. बदलले ते एवढेच की मी तोंड उघडले. माझे ओळखीचे जाळे काही त्या दिवशी वाढले नाही; आधीपासून असलेले जाळे त्या दिवशी माझ्या उपयोगी आले, आणि ते इतके दिवस का आले नाही याचे कारण माझ्या मनात होते. सगळे ठीक चालले आहे असे सांगणाऱ्या माणसाला काय हवे हे कोणाला कळणार, आणि कळले नाही तर कोण कोणाशी बोलून देणार?

पुढच्या वर्षीच्या टाळेबंदीत हाती वेळ होता तेव्हा मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाच्या अभ्यासाबद्दल वाचले. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधाचा विषयच पातळ ओळखींचे बळ हा आहे. बोस्टनजवळच्या न्यूटन गावात ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली होती, त्यांना त्याने विचारले की ज्याच्याकडून बातमी कळली तो माणूस त्या काळात किती वेळा भेटत असे. वरचेवर भेटणारे निघाले १६.७ टक्के, अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के आणि क्वचित भेटणारे २७.८ टक्के. कारण साधे आहे: आपली जवळची माणसे एकमेकांच्याही जवळची असतात, म्हणून त्यांच्याकडच्या बातम्या आपल्याला आधीच ठाऊक असतात, नवी बातमी येते ती दुसऱ्याच वर्तुळात वावरणाऱ्या, आपल्याला जेमतेम ओळखणाऱ्या माणसाकडून. हे लक्षात ठेवून पुढे मी माझी डायरी काढली. २०२२ च्या मार्चपर्यंत माझे अकरा ग्राहक झाले होते. दोन जवळच्या माणसांमुळे मिळाले, सहा अधूनमधून भेटणाऱ्यांमुळे आणि तीन अशा माणसांमुळे ज्यांना मी एक-दोनदाच भेटले होते. अकरा हा आकडा लहान आहे आणि त्यावरून सिद्धांत मांडायचा नसतो, तरी ती बेरीज करताना माझा हात क्षणभर थांबला. मात्र त्या निबंधात जे मला सापडले नाही ते माझ्या डायरीत होते. रात्री दोन वाजता स्पिंडलचा बेल्ट तुटला तेव्हा आलेला दीर, पहिल्या वर्षी रोज शेडवर डबा पोचवणाऱ्या माझ्या सासूबाई, म्हणजे आत्या, आणि हप्ता भरणारे पती यांच्या नावापुढे एकही ग्राहक नाही. त्यांच्याशिवाय मी त्या सहा आणि तीन माणसांपर्यंत पोचेपर्यंत टिकलेच नसते.

पुरानंतर मी ठरवून बाहेर पडू लागले. शिरोलीच्या स्मॅक आणि गोकुळ शिरगावच्या गोशिमा या उद्योजकांच्या संघटनांमध्ये होणारे तांत्रिक कार्यक्रम, उद्यमनगरातल्या इंजिनिअरिंग असोसिएशनची व्याख्याने, फाउंड्रीवाल्यांची चर्चासत्रे. सुरुवातीला मी मागच्या खुर्चीवर बसून, टिपणे काढून, चहा न घेता परत येत असे, आणि मग कळले की कार्यक्रम खरा चहाच्या वेळेतच असतो. तिथे मला अजून एक गोष्ट जाणवली. जुन्या सहकाऱ्यांत बसले की बोलणे ‘मार्केट डाउन आहे’, ‘आता धाडस करायचे दिवस नाहीत’ या दिशेने जाई. ते माझ्या भल्यासाठीच घाबरत होते आणि त्यांची भीती मी घरी घेऊन येत होते. धंदेवाल्यांत बसले की तीच मंदी वेगळ्या शब्दांत येई: अमुक कास्टिंगचा रेट काय बसतो, कटिंग टाइम किती, अमका पैसे कधी सोडतो. भीती त्यांनाही होती, पण तिला आकडा होता आणि आकडा असलेल्या भीतीचे काहीतरी करता येते. दोनएक वर्षांनी माझ्याही तोंडी तेच शब्द आले आहेत असे पतींनी दाखवून दिले.

अनोळखी माणसाशी काय बोलायचे हेही शिकावे लागले. ‘‘काही काम असेल तर सांगा’’ या वाक्याने मला आजवर एकही काम दिलेले नाही. ‘‘आठ इंची चक आहे, बीड आणि एसजी करतो, बोअर २० मायक्रॉनमध्ये धरतो, महिन्याला दीडशे तास मोकळे आहेत’’ हे वाक्य ऐकणाऱ्याच्या लक्षात राहते आणि तो ते दुसऱ्याला सांगू शकतो. कारण पातळ ओळखीचा माणूस आपल्यासाठी रदबदली करत नाही. तो फक्त निरोप पोचवतो, आणि निरोप पोचवण्याजोगा असावा लागतो. आपल्याला काय येत नाही हेही त्यातच सांगावे, असे मी आता मानते. एका कंपनीला मी मिलिंगचे काम येत नाही म्हणून स्पष्ट सांगितले आणि शेजारच्या शेडचे नाव दिले; त्या शेडने वर्षभरात मला दोन टर्निंगची कामे पाठवली.

राहिली गोष्ट साहेबांच्या थकलेल्या पैशांची. चौथा ग्राहक मिळाल्यावर, २०२० च्या दिवाळीनंतर, मी ते पत्र लिहिले. कलमाचा उल्लेख केला, व्याज मागितले नाही, आणि पत्र टपालाने न पाठवता स्वतः नेऊन साहेबांच्या हातात दिले. ते वाचून त्यांचा चेहरा उतरला. ‘‘तू पण?’’ एवढेच म्हणाले. पैसे दोन महिन्यांत आले आणि नंतरचे काम कमी होत होत थांबले. त्याचे दुःख मला झाले आणि अजूनही आहे. ते पत्र मी पहिल्या ९० दिवसांनंतरच, मोकळेपणाने बोलून दिले असते, तर कदाचित ते त्यांना इतके लागले नसते. गप्प राहून मी त्यांचे मन राखत होते असे मला वाटत होते. प्रत्यक्षात मी त्यांना माझी अडचण कळूच दिली नव्हती.

पहिल्या खंडेनवमीला शेडमध्ये चौदा माणसे होती, सगळी नात्यातली आणि जुन्या कंपनीतली. गेल्या वर्षी पेढे साठ जणांना वाटले. शेजारचे मिस्त्री आता काम सोडून गडहिंग्लजकडच्या त्यांच्या गावी राहतात, पण त्या दिवशी ते एसटीने आले आणि नव्या दुसऱ्या मशीनला त्यांनी कुंकू लावले. गोकुळ शिरगावच्या वहिनी आणि त्यांचे यजमान आले. मामा आले, आणि मामीही. कर्ज फिटल्याचे त्या दिवशी मी मामींना स्वतःच सांगितले. त्या म्हणाल्या, त्यांना ते पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होते.

दिवेलागणीला, सगळे पांगल्यावर, साहेब आले. मी बोलावले होते, येतील असे वाटले नव्हते. त्यांनी दोन्ही मशीनना हात जोडले, प्रसाद घेतला, तयार हाउसिंगच्या रॅकपाशी जाऊन एक नग उचलून बोअरमध्ये बोट फिरवले, जसे ते माझ्या टेबलापाशी येऊन फिरवत असत. मग म्हणाले की नव्या कंपनीत एक कव्हर डेव्हलप होते आहे, बीडचे, साडेतीन किलोचे, महिन्याला सहाशे नग. मी विचारले, ड्रॉइंग आहे का? त्यांनी मोबाइलवर दाखवले. मी म्हटले, ‘‘साहेब, रेट परवा देते. पेमेंट ४५ दिवस, ते ऑर्डरवर लिहून लागेल.’’

‘‘दे पाठवून,’’ ते म्हणाले, आणि रॅकवरचा नग होता तसा परत ठेवला.